छत उघडं, नाक लाल

'कोल्हापुरात थंडी पडतेच किती, जुनी छत उघडणारी कुठलीही गाडी घे' असं छत उघडणारी जुनी गाडी शोधणाऱ्याला कुणीतरी लिहिलंय. भावा, डिसेंबरात पहाटे सहाला पन्हाळ्याच्या वळणांवर छत उघडून बघ, नाक गळायला लागतंय!

कापडी छताची थार घे नाहीतर मिनी कूपर, आधी मागची खिडकी बघ. प्लास्टिकची पांढरी पडली असली की धुक्यात मागचं काही दिसत नाही. तापणाऱ्या तारांची काच उत्तम. हीटर पायाशी गरम हवा टाकतो का तेही बघ. मग छतावर बादलीभर पाणी ओत आणि मॅट उचलून बोट फिरव. मी हे केलं नव्हतं. पहिल्याच वळवाच्या पावसात सीटखाली रंकाळा तलाव! पाणी जायच्या नळ्या पाल्यानं तुंबलेल्या. विकणारा 'पाणी नको, आत्ताच धुतलीय' म्हणाला की सरळ माघारी फिर.