नवी चेन टाकल्यापासून गिअर घसरतो : सगळा संच बदलावा का, आणि सुटे भाग कुठून घ्यावेत?

प्रश्न : शिक्षिका, अमळनेर तालुका

सर्वांना नमस्कार. माझी शाळा घरापासून ११ किलोमीटरवर आहे आणि गेली तीन वर्षे मी तिथे सायकलनेच जाते. सायकल २६ इंची चाकांची, पुढे तीन आणि मागे सात चकत्या असलेली, म्हणजे २१ गिअरची आहे. ती मी ऑनलाइन मागवली होती. शाळेचे दिवस धरून हिशेब केला तर आतापर्यंत सुमारे १४,५०० किलोमीटर झाले असावेत. एवढ्या काळात टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरे सोडली तर मी काहीही बदलले नव्हते.

गेल्या महिन्यात चेन तुटली, म्हणून इथल्याच एका दुकानातून नवी बसवून घेतली. तेव्हापासून मागच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चकतीवर (लहान बाजूकडून मोजल्यास) जोर दिला की चेन दातांवरून उडी मारते आणि पाय एकदम खाली जातो. मी रोज याच दोन गिअरवर चालवते. रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या चढावर, मागून ट्रॅक्टर येत असताना, मी दोनदा पडता पडता वाचले. मोठ्या चकत्यांवर मात्र काही त्रास नाही.

जुन्या चेनवर असे कधीच झाले नव्हते, त्यामुळे नवी चेनच सदोष असावी असे मला वाटते. दुकानदार म्हणतात की चेन चांगली आहे, पण मागचे फ्रीव्हील (सात चकत्यांचा संच), पुढचा क्रँकसेट (तीन चकत्या आणि पायडलच्या दांड्या) आणि मागचा गिअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) हे सर्व बदलावे लागेल. त्यांनी २,६०० रुपये खर्च सांगितला आहे. खरोखर एवढे बदलण्याची गरज आहे का? सुटे भाग ऑनलाइन मागवावेत की दुकानातूनच घ्यावेत? सायकल मला रोज लागते, म्हणून सविस्तर विचारते आहे.

उत्तर : निवृत्त फिटर, भुसावळ

ताई, आपण दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्वतःच लिहिली आहे : चेन फक्त त्याच दोन चकत्यांवर घसरते, ज्या आपण सर्वाधिक वापरल्या. चेन सदोष असती, तर ती सातही चकत्यांवर त्रास देती. एखादी कडी आखडलेली असती, तर ठरावीक अंतराने, चेनची एक फेरी पूर्ण झाली की एकदा, असा झटका बसला असता. पायडल हळूहळू उलटे फिरवून पाहिले की अशी कडी मागच्या गिअरच्या छोट्या चाकांतून जाताना वाकडी राहिलेली डोळ्यांना दिसते. तसे काही दिसत नसेल, तर आपल्या फ्रीव्हीलच्या त्या दोन चकत्या झिजल्या आहेत असे मी मानतो.

जुन्या चेनवर हा त्रास का नव्हता, हे समजून घेणे आवश्यक आहे. 'चेन ताणली गेली' असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीची आतील पट्टीची कड एकमेकींवर घासून झिजतात, सांध्यात पोकळी तयार होते, आणि अशा शंभराहून अधिक सांध्यांची पोकळी मिळून चेन लांब होते. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर नेमके अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन लांबत गेली की तिचे रोलर (पिनांभोवती फिरणाऱ्या छोट्या नळ्या) दाताच्या तळाशी न बसता वर सरकून बसतात आणि दातही त्याच मापाने कोरत जातात. झिजलेली चेन आणि झिजलेले दात एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. आपण नवी, अचूक मापाची चेन त्या कोरलेल्या दातांवर चढवली, तेव्हा सगळा भार एकाच दातावर येऊ लागला आणि तिरपा झालेला तो दात रोलरला वर ढकलू लागला.

जुनी चेन आपल्याकडे असेल तर ती टाकून देऊ नये, कारण ती या प्रकरणातील साक्षीदार आहे. तिचा पुरेसा लांब तुकडा रॉकेलने धुऊन, टेबलावर ताणून धरून, पोलादी पट्टीने मोजावा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या डाव्या कडेवर ठेवावा आणि त्या पिनेनंतरची २४ वी पिन मोजून तिचीही डावीच कड पाहावी. मध्य नजरेने धरण्यापेक्षा कड धरली तर चूक कमी होते. नव्या चेनमध्ये हे अंतर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरते. ते १२ इंच आणि एक-सोळांश इंच झाले, की गिअरच्या सायकलची चेन बदलावी; तोपर्यंत बदलली तर फ्रीव्हील बहुधा वाचते. १२ इंच आणि एक-अष्टमांश, म्हणजे सुमारे ३०८ मिलिमीटर झाले असेल, तर झीज एक टक्क्यावर गेली आणि फ्रीव्हीलही तिच्यासोबत गेले असे समजावे. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. प्रत्येक सांध्यात तो ०.१३ मिलिमीटर होतो, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीहून थोडा अधिक. दातांना मात्र तेवढा पुरतो.

पुढच्या चकतीला जास्त दाते असतात आणि भार त्यांत वाटला जातो, म्हणून ती मागच्या लहान चकत्यांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते. मधल्या चकतीवर नवी चेन चढवून, अगदी पुढच्या टोकाला ती बोटाने ओढून पाहावी. दात अर्ध्याहून अधिक उघडा पडत नसेल, तर क्रँकसेट बदलू नये. मागचा गिअर, म्हणजे डिरेलर, बदलण्याचे कारण तर आपल्या वर्णनात मला कुठेच दिसत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत कृपया त्या दोन चकत्यांवर जोर देऊ नये. अशा सायकलींवर बहुतेक वेळा पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-१६-१८-२०-२२-२४-२८ दाते असतात. एकदा मोजून खात्री करावी. आपण पुढच्या मधल्या चकतीवर चालवत असाल, तर ३४ आणि १६ चे गुणोत्तर २.१३ येते, आणि पुढे ४२ व मागे २० घेतले तर २.१०. पायाला फरक जाणवणार नाही, आणि न झिजलेल्या चकतीवरून आपण सुरक्षित शाळेत पोहोचाल.

उत्तर : सायकल दुकान व दुरुस्ती, शहादा

वरील दादांनी दोष अचूक सांगितला आहे. मी दुकानदाराच्या बाजूने थोडे लिहितो, कारण 'सगळे बदला' या सल्ल्यामागे प्रत्येक वेळी लबाडी असतेच असे नाही. आमच्याकडे येणाऱ्या सायकलींत दूधवाल्यांच्या, शेतमजुरांच्या आणि शाळेच्या मुलांच्या साध्या सायकली सर्वाधिक असतात. त्यांची चेन जाड, म्हणजे आतून एक-अष्टमांश इंच रुंद, आणि फ्रीव्हील एकाच चकतीचे. सात चकत्यांचे फ्रीव्हील काढण्यासाठी खाचांचा वेगळा रिमूव्हर लागतो, आणि तो नसलेला कारागीर फ्रीव्हीलला हात लावायला कचरतो. शिवाय फक्त फ्रीव्हील बदलून पुढेही आवाज राहिला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे असते. ते टाळण्यासाठी काही जण संपूर्ण संचच सुचवतात. ही पद्धत मला योग्य वाटत नाही. कुठला भाग का बदलायचा, हे गिऱ्हाइकाला दातावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

ताई, दुकानात गेल्यावर प्रथम एवढेच विचारावे : 'सात गिअरच्या फ्रीव्हीलचा रिमूव्हर तुमच्याकडे आहे का?' नसेल, तर छिन्नी-हातोड्याने काढू देऊ नये. हे फ्रीव्हील चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, आट्यांनी बसते आणि प्रत्येक पायडलसरशी आणखी आवळत जाते. तीन वर्षांनंतर ते सुटताना बराच जोर लागतो; रिमूव्हर वाइसमध्ये धरून चाकच उलट फिरवावे लागते. नवे बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी ते सहज निघेल.

आपल्या सायकलला फ्रीव्हील आहे की कॅसेट (हबवर आट्यांनी न बसता सरकवून बसवलेला चकत्यांचा संच), हे खरेदीपूर्वी नक्की करावे, कारण दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवून मध्यभागीच्या खाचांकडे पाहावे. खाचा स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील, आणि चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चेनचे पाकीटही पाहून घ्यावे. सहा, सात आणि आठ गिअरची चेन एकच चालते, नऊ गिअरची वेगळी असते.

ऑनलाइन की दुकान, याविषयी माझे मत असे, की भाग कुठूनही घ्या, पण जुना भाग हातात घेऊन, मोजून घ्या. मापांच्या नावांत फार गोंधळ आहे. टायरचे उदाहरण देतो. आपल्या साध्या काळ्या सायकलचा २८ बाय दीड टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, आणि ७०० सी या नावाचा टायर, ज्यालाही अनेक जण २८ इंचीच म्हणतात, तो ६२२ च्या रिमवर. आपल्या २६ इंची सायकलचेही तसेच आहे : २६ बाय १.९५ म्हणजे ५५९, आणि २६ बाय एक पूर्णांक तीन-अष्टमांश म्हणजे ५९०. हा तीन आकडी अंक टायरच्या बाजूवर लहान अक्षरांत उठवलेला असतो. तो वहीत लिहून ठेवावा आणि टायर मागताना तोच सांगावा.

बाहेरून आणलेला भाग बसवायला घेऊन आलात, तर मजुरी वेगळी आणि थोडी अधिक पडेल, हे आधीच बोलून घ्यावे. त्यात कोणाचाही अपमान नाही. बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर भागाचे नाव लिहून घ्यावे.

उत्तर : सायकलस्वार, धुळे

झीज कशी मोजावी हे वर आले आहे, म्हणून ती इतक्या लवकर का होते यावर मी लिहितो. ताई, आपण चेनला तेल कोणते घालता? आपल्याकडे गॅरेजमधले जळके ऑइल चेनवर ओतण्याची पद्धत सर्रास आहे, आणि खानदेशातील चेन लवकर मरण्याचे ते मोठे कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्या ऑइलमध्ये इंजिनातील धातूचा कीस आणि काजळी आधीच मिसळलेली असते. वरून आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ त्यावर बसते, आणि चेनच्या प्रत्येक सांध्यात घासकामाची लेई तयार होते. ग्रीसचेही तेच, ते हबच्या छर्ऱ्यांसाठी असते, चेनवर फासण्यासाठी नव्हे.

मी फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत मेणयुक्त कोरडे वंगण वापरतो. चेन रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवायची, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकायचा, पायडल दोन मिनिटे फिरवायचे, रात्रभर राहू द्यायचे आणि सकाळी बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने पुसून टाकायची. वंगणाचे काम सांध्याच्या आत आहे. बाहेर राहिलेले वंगण फक्त धूळ धरते. पावसाळ्यात हे कोरडे वंगण धुऊन जाते, म्हणून तेव्हा मी थोडे दाट तेल घेतो आणि अधिक वेळा पुसतो. कापूस वेचणीच्या दिवसांत डिरेलरच्या दोन छोट्या चाकांकडेही पाहावे. रस्त्यावर सांडलेल्या कापसाचे तंतू त्यांच्या आसाभोवती इतके घट्ट गुंडाळले जातात की चाक फिरायचेच थांबते. आणि गाड्या धुण्याच्या फवाऱ्याने सायकल कधीही धुऊ नये, कारण ते पाणी हबच्या आत शिरून ग्रीस बाहेर काढते.

उत्तर : निवृत्त फिटर, भुसावळ

धुळ्याच्या दादांशी जळक्या ऑइलबाबत मी पूर्ण सहमत आहे. मेणाच्या वंगणाबाबत मात्र थोडे वेगळे सांगतो. ते मोठ्या शहरातून मागवावे लागते, आणि ते संपले म्हणून महिनाभर कोरडी चेन चालवणारे लोक मी पाहिले आहेत. शिलाई मशीनचे तेल कुठेही मिळते. ते पातळ असल्यामुळे लवकर उडते हे खरे, पण दर आठवड्याला थेंबाथेंबाने घालून तितक्याच काळजीने पुसले, तर रोजच्या २२ किलोमीटरसाठी ते पुरेसे आहे. रविवारची १५ मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जुनी चेन दुकानदारांनी परत दिली होती, ती शाळेच्या प्रयोगशाळेतील पोलादी पट्टीने मोजली. २४ पिनांचे अंतर ३०९ मिलिमीटर भरले. आठवीच्या मुलांनीही तीन ठिकाणी मोजून पाहिले आणि प्रत्येक वेळी ३०९ च्या आसपासच आकडा आला. फ्रीव्हीलचे फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा १६ आणि १८ दात्यांच्या चकत्यांचे दात एका बाजूला कलून टोकदार झालेले स्पष्ट दिसले. २४ आणि २८ च्या चकत्या जवळपास नव्यासारख्या आहेत. पुढची मधली चकती बोटाने ओढून पाहिली, दात अर्ध्यापर्यंतही उघडा पडला नाही. मी तेल म्हणून जळके ऑइलच घालत होते.

दाते मोजून घेऊन मी त्याच दुकानात गेले आणि दुकानदारांना दोन्ही गोष्टी दाखवल्या. त्यांच्याकडे रिमूव्हर नव्हता हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि जळगावहून रिमूव्हर व १४-२८ चे फ्रीव्हील दोन्ही मागवून घेतले. काल ते बसवले. मजुरीसह ८५० रुपये झाले. उड्डाणपुलावर आज मुद्दाम तिसऱ्या चकतीवर उभे राहून जोर दिला. चेन एकदाही घसरली नाही. आता फक्त चौथ्या चकतीवरून पाचव्या, म्हणजे मोठ्या, चकतीवर जाताना चेन क्षणभर अडखळते आणि किंचित कुरकुरते. हे कशामुळे असावे?

उत्तर : सायकल दुकान व दुरुस्ती, शहादा

हे सेटिंगचे काम आहे, त्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. डिरेलरमध्ये जिथे गिअरची केबल शिरते, तिथे हाताने फिरवायचा एक दट्ट्या असतो. चेन मोठ्या चकतीकडे जाताना अडखळत असेल, तर केबल सैल आहे; मागे उभे राहून तो दट्ट्या घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावा, गिअर टाकून पाहावा, आणि गरज असेल तर आणखी पाव फेरा द्यावा. परत लहान चकतीकडे उतरताना चेन रेंगाळू लागली, तर केबल जास्त ताणली गेली असे समजून पाव फेरा मागे घ्यावा. डिरेलरवरच्या मर्यादेच्या दोन छोट्या स्क्रूंना (चेन दोन्ही टोकांना कुठवर जाईल हे ते ठरवतात) मात्र हात लावू नये. आणि नव्या चेनची पहिली मोजणी दिवाळीच्या सुट्टीत करावी. १२ इंच आणि एक-सोळांश भरले, तर फक्त चेन बदलून भागेल.