आपण मोठे झालो हे तुम्हाला कधी कळले?

पैलतीर
माझ्या मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना 'पालकाची सही' या रकान्यात 'लागू नाही' असे लिहिले आणि मला न दाखवताच तो पाठवून दिला. ती १८ वर्षांची झाली असल्याने त्यात चूक काहीच नाही. मला मात्र त्यावरून वडिलांच्या शस्त्रक्रियेची सकाळ आठवली. परिचारिकेने नातेवाइकाच्या सहीसाठी संमतिपत्र पुढे केले, तेव्हा मी सवयीने वडिलांकडे पाहिले, तर ते माझ्याकडेच पाहत होते. तोवर माझी पदवी झाली होती, पगार सुरू झाला होता, मतदानही करून झाले होते. तरीही निर्णय घेणारे दुसरे कोणीतरी आहे, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. तुमचे अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

अधलेमधले
माझे वय २७ असून मी आईवडिलांसोबत राहतो. घरातील सर्व पासवर्ड माझ्याकडे असतात, विम्याचे हप्ते मी भरतो, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे काम अडले तर तासन्‌तास फोन धरून मीच बसतो. पण नोकरी बदलण्याचा विषय काढला की "तुला अजून जगाची कल्पना नाही" हे ऐकावे लागते. ज्या जगाची त्यांना कल्पना होती, त्यात एकदा नोकरीला लागलेला माणूस तिथूनच निवृत्त होत असे. माझा करार दरवर्षी संपतो आणि नूतनीकरणाचे पत्र येईपर्यंत मी पुढच्या महिन्याचाही बेत करत नाही. मला मोठे होण्याची टाळाटाळ करायची नाही. पाय ठेवायला पायरीच मिळत नाही, इतकेच.

वाचनमग्न
अधलेमधले यांनी मांडलेली अडचण व्यक्तिगत नाही. कायद्याने मोठेपणाची रेघ अनेक देशांत खाली आणली. ब्रिटनमध्ये १९७० पासून सज्ञानतेचे वय २१ ऐवजी १८ झाले, भारतात ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, तर जपानने एप्रिल २०२२ मध्ये सज्ञानतेचे वय २० वरून १८ केले. याच काळात शिक्षण लांबले आणि कायमची नोकरी, लग्न, मूल हे टप्पे मात्र पुढे पुढे सरकत गेले. जपानचे उदाहरण तर फारच बोलके आहे : तिथे १८ व्या वर्षी पालकांच्या संमतीशिवाय कर्जाचा करार करता येतो, पण मद्य आणि तंबाखूसाठी २० वर्षांची अट कायम आहे.

या मधल्या काळाला जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००० मध्ये 'उदयोन्मुख प्रौढत्व' असे नाव दिले. मोठे होणे म्हणजे काय, असे त्यांनी तरुणांना विचारले, तेव्हा लग्न किंवा पदवी यांपेक्षा स्वतःची जबाबदारी घेणे, स्वतंत्रपणे निर्णय घेणे आणि आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभे राहणे ही उत्तरे वर आली. त्यांच्यावर एक आक्षेपही आहे, आणि तो मला योग्य वाटतो : स्वतःला शोधत राहण्याची ही उसंत ज्याला लहानपणीच कामाला लागावे लागते, त्याच्या वाट्याला येत नाही.

दुपारची_सुट्टी
तो आक्षेप म्हणजे मीच. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते आणि आईने सगळी कागदपत्रे माझ्यापुढे ठेवली. वीजबिलावरचे नाव बदलण्याचा अर्ज मी लिहिला, धाकट्या भावाच्या पालकसभेला मी बसले. शिक्षिकांनी "आई आल्या नाहीत का?" असे विचारले, तेव्हा मी वहीतून डोके वर न काढता "मी आले आहे" असे म्हटले होते. विशेष म्हणजे पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहण्याची वेळ आली, तेव्हा "मुलगी एकटी कशी राहणार?" हा प्रश्न त्याच घरात निघाला. मुलींच्या बाबतीत जबाबदारी लवकर येते आणि अधिकार उशिरा, हे माझे ठाम मत आहे. भाड्याच्या खोलीची आतली कडी पहिल्यांदा लावली, तेव्हा मला मोठे झाल्यासारखे वाटले.

पैलतीर
दुपारची_सुट्टी, आपले लिहिणे वाचून थोडा वेळ काहीच सुचले नाही. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

निवांत
माझे वय साठीच्या पुढे आहे. आपल्याला कळले की नातवंडांपैकी कोणीतरी मलाही कळवावे, म्हणजे मी तयारीला लागेन. ता. क. मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो असे मुलगा सांगतो, ते खरे आहे का?

वाचनमग्न
निवांत, २५ हा आकडा सोयीसाठी रूढ झाला आहे. नियोजन आणि संयम यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीतही विकसित होत राहतो, हे खरे आहे. परंतु तो विकास अमुक वाढदिवशी थांबतो असे नाही आणि व्यक्तिगणिक फरकही पुष्कळ असतो.

काठावरून
मी संस्थेत वाढलो. येथे बऱ्याच जणांना कायद्याची तारीख नाममात्र वाटते. माझ्यासाठी तीच खरी तारीख होती, कारण १८ पूर्ण होताच मला सामान आवरावे लागले. पेटीत कपडे, प्रमाणपत्रांची फाइल आणि अधीक्षकांनी दिलेले एक शिफारसपत्र होते. पैशांची ओढाताण अपेक्षितच होती, पण खोली घेताना हमी देणारा माणूस लागतो, हे कोणी सांगितले नव्हते. इतर मुले घर सोडतात, तेव्हा परतण्याची एक जागा शिल्लक असते आणि तिच्या भरवशावर ती चुका करू शकतात. मला चूक परवडणारी नव्हती, म्हणून मी पहिली मिळेल ती नोकरी धरली आणि न आवडूनही सोडली नाही.

अधलेमधले
काठावरून, मी घरच्या टोमण्यांची तक्रार केली खरी, पण परतण्याची ती जागा मला आहे. हमीदार शेवटी मिळाला का?

काठावरून
मिळाला. संस्थेतून माझ्याआधी बाहेर पडलेल्या एकाने सही केली. आता नव्याने बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आम्ही दोघे आळीपाळीने सही करतो. गेल्या महिन्यातील मुलाने अजून भाडे थकवलेले नाही.