रेडिएशनमुळे तोंड आलंय, लेझरचा अनुभव कुणाला आहे का?

मदत हवी आहे. आईला जिभेचा कॅन्सर आहे, रेडिएशन आणि केमो दोन्ही चालू आहेत. तिसऱ्या आठवड्यात तोंड इतकं आलंय की पाण्याचा घोट घेतानाही ती कळवळते. कालपासून नुसत्या खुणा करून बोलतेय. बघवत नाही.

डॉक्टरांनी लो लेव्हल लेझर सुचवलंय. हे कापणारं किंवा जाळणारं लेझर नाही, कमी ताकदीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश असतो, त्याने सूज आणि वेदना कमी व्हायला मदत होते, एवढं समजलं. पण २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस मुख्यतः तोंड येऊ नये म्हणून आहे. आमची ती वेळ गेली. फोड आल्यावर सुरू करून कुणाला फरक पडला का? किती दिवसांत गिळता यायला लागलं?

तिचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. अशा वेळी गालावरून बाहेरून प्रकाश देतात का? आणि मला खरी धास्ती याची आहे: गाठीच्या जागेवर प्रकाश पडला तर चालतो का? तुमच्या डॉक्टरांनी याबद्दल काय सांगितलं होतं, तेही लिहा. परवा निर्णय कळवायचा आहे.