आंब्याच्या खोडावरचं दगडफूल खरवडायचं की राहू द्यायचं?

सातपुडा_पायथा
यावल तालुक्यातल्या आमच्या गावाला गावठी आंब्यांची जुनी आमराई आहे. यंदा काही झाडांच्या फांद्या वाळल्या. त्या फांद्यांवर राखाडी-हिरव्या खपल्या दिसतात, म्हणून 'ही बुरशी झाड खातेय' असं लोकांनी ठरवून टाकलं. आता सगळी खोडं तारेच्या ब्रशने घासून चुना मारायचा विषय ग्रामसभेत येतोय. माझा याला ठाम विरोध आहे.

या खपल्या म्हणजे दगडफूल, पुस्तकात शैवाक म्हणतात ते. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते. झाडाकडून त्यांना हवी असते ती बसायला जागा. पाणी पावसाचं आणि दवाचं, क्षार धुळीतून आणि खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यातून. लोक याची बांडगुळाशी गल्लत करतात. बांडगूळ फांदीच्या आत शोषकं घुसवून झाडाचं पाणी ओढतं. दगडफुलाचे धागे सालीच्या वरच्या, मेलेल्या थरातच अडकलेले असतात.

मग वाळक्या फांदीवरच ते जास्त का दिसतं? कारण पानं झडली की तिथे ऊन पडतं, आणि आपलीही नजर पोचते. शिवाय याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर. तळहाताएवढी खपली यंदा आलेली नाही. फांदी हिरवी असताना कित्येक वर्षं ती तिथेच होती.

रावेर_बागायतदार
भाऊ, शास्त्र ठीक आहे, पण बाग आम्ही सांभाळतो. माझ्या लिंबाच्या खोडांवर हा थर जाड झाला की खाली ओल धरून राहते, खवले कीड लपते, साल खाणारी अळी वेळेवर दिसत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावतो, त्यात दगडफूलही जातं. झाडं टवटवीत राहतात. हा अनुभव खोटा कसा म्हणायचा?

सातपुडा_पायथा
दादा, अनुभव खरा आहे, श्रेय चुकीच्या जागी जातंय. बोर्डो पेस्टने डिंक्या रोगाची बुरशी रोखली जाते, म्हणून झाडं टवटवीत राहतात. त्यातल्या मोरचुदाने दगडफूलही मरतं, हा त्याच कामाचा दुसरा परिणाम. दगडफूल गेल्यामुळे झाड सुधारलं, असं त्यातून निघत नाही.

बांधवरना_आंबा
मना बांधवरना आंबा वाळी गया. खोड पुरं खपल्यास्नी भरेल व्हतं. त्येले काय म्हनशात?

कृषी_धुळे
आबा, खोडाला बुंध्याजवळ भोकं होती का? भोकातून भुसा पडत होता का? आंबा असा फांदी-फांदीने वाळतो त्यामागे बऱ्याचदा खोडकिडा नाहीतर फांदीमर असते. खपल्या डोळ्यांना दिसतात, किडा आत असतो, म्हणून आळ खपल्यांवर येतो.

पण धागा काढणाऱ्या दादांनीही सरसकट बोलू नये. आंब्याच्या आणि पेरूच्या पानांवर गोल, नारिंगी, मखमली ठिपके पडतात. तो सेफॅल्युरॉस नावाच्या शेवाळाचा रोग, आणि ते खरंच पानाच्या वरच्या आवरणाखाली शिरतं. त्याच शेवाळाला धरून पानांवर वाढणारं स्ट्रिग्युला नावाचं दगडफूलही आहे. म्हणजे 'दगडफूल झाडाला कधीच शिवत नाही' हे विधान टिकत नाही. 'खोडावरचं' एवढा शब्द घातला तर माझा आक्षेप नाही.

सातपुडा_पायथा
घातला. आमराईचा विषय खोडांचाच आहे.

शहादा_रानवाट
जंगलातलं सांगते. सातपुड्यात एका पट्ट्यातल्या झाडांवरसुद्धा दगडफूल सारखं नसतं, ते सालीवर ठरतं. सालईची साल कागदासारखी पापुद्र्याने सुटते, वर बसलेलं सगळं घेऊन गळते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. ती टिकते, ओल धरते. सालीची आम्लता, तिच्यात मुरणारं पाणी, झाडाचं वय, माथ्यावरून येणारं ऊन, सगळ्याचा हिशोब असतो. आपलं रान पानगळीचं, उन्हाळ्यात सावली नाही, म्हणून इथे बहुतेक सालीला चिकटून बसणारे, रंग सांडल्यासारखे दिसणारे प्रकार. ते कडकडीत वाळून महिनोन्महिने पडून राहतात आणि पहिल्या सरीत काही मिनिटांत जागे होतात. तोरणमाळला उंची आणि धुकं आहे, तिथे पानासारखे पसरणारेही भेटतात.

चुना मारला की सालीची आम्लताच बदलते. घासलेलं दगडफूल परत यायला किती वर्षं लागतील याचा विचार ग्रामसभेने करावा. छोटा निखार हा पक्षी आपल्या वाटीएवढ्या घरट्याला बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने दगडफुलाचे तुकडे चिकटवतो, घरटं फांदीचीच गाठ वाटतं. स्वच्छ घासलेल्या आमराईत त्याने काय करायचं?

रावेर_बागायतदार
ताई, पाखरांसाठी आम्ही कीड पोसायची का? जंगलाचा नियम जंगलात. बाग हे पोटाचं साधन आहे.

शहादा_रानवाट
तुमच्या लिंबाच्या बागेबद्दल मी अक्षरही लिहिलेलं नाही. पण शंभरी गाठलेली आमराई बागही नसते आणि नुसतं रानही नसते. तिला लिंबाच्या बागेचं वेळापत्रक लावू नका.

काळा_मसाला
मला वेगळाच प्रश्न. आमच्या खान्देशी मसाल्यात दगडफूल लागतंच. खरवडलेलं विकता येईल का? गावाला दोन पैसे मिळतील.

शहादा_रानवाट
नको. मसाल्याचं दगडफूल पानासारखं, मोठं. बाजारात येतं ते बहुतेक हिमालयातल्या आणि दक्षिणेतल्या डोंगरी जंगलांतून. आपल्या आमराईतल्या खपल्या खरवडून सालीचा भुगाच हाती येईल. शिवाय दगडफूल हवेतले जड धातू साठवून ठेवतं. रस्त्याकडेच्या झाडावरचं तर खाऊच नये.

कृषी_धुळे
हाच मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. निलँडर या शास्त्रज्ञाने 1866 साली पॅरिसच्या बागेतली दगडफुलं पाहून शहराची हवा ओळखली होती. कोळशाच्या धुरातला गंधक वायू यांना सोसत नाही. तुमच्या आमराईत तऱ्हेतऱ्हेची दगडफुलं असतील तर फुकटचं हवामापक यंत्र गावाच्या उशाशी आहे. ते पुसून टाकायला मजुरी का द्यायची?

रावेर_बागायतदार
हवेचं पटलं. पण फांद्या वाळतायत त्याचं काय? 'काही करू नका' हे उत्तर गाव ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

सातपुडा_पायथा
बरोबर. मग ग्रामसभेत हे मांडतो: आधी प्रत्येक झाडाचा बुंधा बघायचा, भोक आणि भुसा दिसला तिथे खोडकिड्याचा बंदोबस्त करायचा. वाळक्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत करवतीने कापून त्या कापावरच बोर्डो पेस्ट लावायची. आणि शंका असणाऱ्यांसमोर एका खपलीखालची साल नखाने खरवडून दाखवतो, शेजारच्या उघड्या सालीसारखीच आतून हिरवी निघते. ब्रश आणि चुन्याचा खर्च यातच वळवता येईल.

रावेर_बागायतदार
असं मांडलं तर मी येतो ग्रामसभेला. लिंबांना मात्र पेस्ट लावणारच.

बांधवरना_आंबा
भुसा पडे खरा. बुंध्यापाशी. दुसरा आंबा शे अजून, त्येना बुंधा सकायले देखस.