सिटी पार्कातल्या माकडांना दाणे घालावेत का?

टिटवी
नैरोबीत भारतातून पाहुणे आले की रविवारचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. पार्कलँड्समधला सिटी पार्क गाठायचा, दाणे-केळी विकत घ्यायची आणि सायक्स माकडं अंगाखांद्यावर घेऊन फोटो काढायचे. माझं स्पष्ट मत, हे दाणे बंद व्हायला हवेत. हे माकड मुळात फळं, पानं आणि किडे खाणारं आहे. दिवसभर झाडं धुंडाळणं हाच त्याचा उद्योग. आयतं मिळायला लागलं की टोळी माणसांच्या वाटेवर ठाण मांडते. तिथे जागा थोडी आणि तोंडं फार, मग आपसात चावाचावी होते आणि त्यात मधे सापडतं ते लहान मूल. वर आपली मंडळी भडंग आणि मसालाशेंगाही उदारपणे वाटतात.

पार्कलँड्सकर
साफ असहमत. नैरोबीत ज्या हिरव्या जागेत माणसं फिरकत नाहीत, ती बिल्डरच्या घशात जाते. १९८९ मध्ये उहुरू पार्कात साठ मजली टॉवर येणार होता, तो पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाईंनी आवाज उठवला म्हणून अडला. नैरोबीतल्याच करुराच्या जंगलाचे तुकडे बिल्डरांना वाटले गेले. जानेवारी १९९९ मध्ये तिथे रोपं लावायला गेलेल्या मथाई आणि त्यांच्या सोबत्यांना मारहाण झाली. सिटी पार्काच्या कडाही अशाच कुरतडल्या गेल्यात. सामान्य माणूस लेकरांना घेऊन इथे येतो तो माकडांसाठी. ती गर्दी हीच राखण आहे. आणि वर्दळ असली की वाटमारीची भीतीही कमी होते. दाणे बंद केले तर दाणेवाल्यांचं पोट कुठे न्यायचं, तेही सांगा.

टिटवी
माणसं यावीतच. पुडी आणू नये एवढंच म्हणतेय.

पट्टीबांध
मुद्दा चाव्याचा निघालाच आहे तर नीट लिहितो, कारण इथे बऱ्याच जणांना 'जरासं खरचटलं' म्हणून सोडून द्यायची सवय आहे.

हे माकड चावण्याआधी सांगतं. टक लावून बघतं, मान वरखाली करतं, तोंड उघडून दात दाखवतं. पोरांना वाटतं हसतंय, आणि ती परत दात काढून हसतात. ते त्याला आव्हान वाटतं. दुसरं कारण म्हणजे मूठ. दाणे मुठीत धरून 'दे, नको देऊ' असा खेळ केला की ते बोटं उलगडायला बघतं, नाही जमलं की दात लावतं. खाऊ हिसकावला तर सोडून द्यावा, ओढाओढ करू नये.

दात लागलाच आणि कातडी फुटली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरती १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, दोन मिनिटांत उरकू नका. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. मग त्याच दिवशी दवाखाना. रेबीजच्या लसीचा पहिला डोस लगेच, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांच्या दरम्यान. जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) विचारा, धनुर्वाताचंही बघा. पाहुण्यांचं परतीचं विमान मधेच असतं, तेव्हा लसीचं नाव आणि तारखा कागदावर लिहून घ्या म्हणजे पुण्या-मुंबईत पुढचे डोस चालू राहतील. भारतातल्या मकाक जातीच्या (आपल्या नेहमीच्या लाल तोंडाच्या) माकडांमध्ये जो बी-विषाणू असतो, चाव्यातून माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकणारा, तो या आफ्रिकी जातीत नैसर्गिकरीत्या नसतो. तेवढा एक घोर कमी.

उलट दिशेनेही धोका आहेच. आपला खोकला, पोटातले जंत, क्षय, सगळं त्यांच्याकडे जाऊ शकतं. सर्दी झालेल्याने तर खांद्यावर माकड घेऊन फोटोचा हट्ट धरूच नये.

सह्यकडा
बंदी घाला म्हणणं सोपं आहे, पाळणार कोण? लोक घालणारच, तर निदान रीत शिकवा. बिनमिठाचे, सालासकट दाणे. साल फोडायला वेळ लागतो, तेवढी झुंबड कमी. एका वेळी चार-पाच, जमिनीवर लांब लांब टाकलेले. पुडी बॅगेत आत, चेन बंद. चष्मा आणि कानातलं आधीच काढलेलं बरं. आणि प्लास्टिकची पिशवी नकोच. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड लाखो शिलिंगांत. भारतातून येणारे थेपले-चिवडा अजूनही त्यातच बांधून आणतात.

टिटवी
सह्यकडा, जमिनीवर टाकलेला दाणा ओल्या मातीत बुरशी धरतो. मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर इथे पाऊस. शिवाय ही माकडं गालाच्या पिशव्यांत भरून घेतात आणि बाजूला जाऊन खातात, म्हणजे 'चार-पाचच' कुणी मोजायचे? पहिलं गेलं की दुसरं हजर.

करवंद
दोन्ही बाजू माकडांपलीकडे बघायला तयार नाहीत, हे गमतीचं आहे. याच पार्कात पिओ गामा पिंटोंची कबर आहे. गोव्याच्या कुटुंबातले, जन्म नैरोबीचा, केनियाच्या आणि गोव्याच्याही मुक्तीसाठी झटलेले, २४ फेब्रुवारी १९६५ ला गोळ्या घालून मारले गेले. जवळच जोसेफ मुरुंबी, केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष. वडील गोवेकर, आई मासाई. मित्राच्या शेजारी पुरावं ही त्यांची इच्छा होती. गोव्या-महाराष्ट्रातून आलेल्या किती जणांना हे दाखवलं जातं? फिरायला कारण हवं ना, हे घ्या. फक्त सकाळी जा. विषुववृत्त जवळ, सूर्य बाराही महिने सव्वासहा ते पावणेसातच्या आत मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस मिनिटं. साडेपाचला बाहेर पडलेलं चांगलं.

पार्कलँड्सकर
करवंद, हे पटलं. पण कबर बघायला सहा वर्षांचं पोरगं येणार नाही, माकड बघायला येईल. आणि दाणेवाल्याचा प्रश्न तसाच राहिला. त्याने माणसांना खायला भाजलेलं कणीस विकावं, असं म्हणणार असाल तर मला चालेल.

टिटवी
त्या पार्कात हातात कणीस घेऊन पन्नास पावलं चालून दाखवा, मग बोलू.