पावडर न घेता व्यायाम करणाऱ्या शाकाहारी माणसाने प्रोटीन कुठून आणायचं?

वरणफळ (प्रश्न)

वय ३१, वजन ६८ किलो, आठवड्यातून चार दिवस वजनांचा व्यायाम. अंडी चालतात, मांस-मासे नाहीत. ट्रेनरचं म्हणणं, पावडर घेतल्याशिवाय मसल येणार नाहीत. पण पावडरची ती गोडमिट्ट चव सहन होत नाही आणि घेतली की पोट फुगतं.

सध्याचं खाणं असं: सकाळी पोहे (कोरडे ६० ग्रॅम) आणि चहा. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण. संध्याकाळी चहा. रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, थोडं दही.

पावडर खरंच लागते का? नसेल लागत, तर याच जेवणात काय बदलायचं? कृपया आकड्यांसकट सांगा. "डाळी, कडधान्यं खा" एवढं माहीत आहे.

मोजूनमापून

पावडर लागत नाही. प्रोटीन मात्र लागतं, आणि तुमच्या ताटात ते कमी आहे. ट्रेनरचं निदान अर्धं बरोबर आहे.

आधी गरज बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५६ ग्रॅम. ही व्यायाम न करणाऱ्याची गरज. वजनं उचलणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम धरावं, म्हणजे साधारण ८२ ते १०९. दोन ग्रॅमच्या वर जाऊन हाती फारसं काही लागत नाही.

आता तुमचं ताट. पोहे ४ ग्रॅम. दोन्ही वेळच्या चहातलं दूध मिळून ६. तीन पोळ्या, प्रत्येकी ३० ग्रॅम कणीक धरली तर ९. भाजी दोन वेळची मिळून ४ (रात्रीची धरली आहे, नसेल तर वजा करा). वरणाच्या वाटीत कोरडी तूरडाळ जेमतेम २५ ग्रॅम असते, म्हणजे साडेपाच. भाकऱ्या १०. उसळ साडेसहा. दही ३. बेरीज ४८. व्यायाम न करणाऱ्या माणसाच्या शिफारशीलाही हे पुरत नाही.

इथे बहुतेक जण ज्या आकड्याला फसतात तो सांगतो. "मुगात २४ टक्के प्रोटीन" हे कोरड्या मुगाबद्दल आहे. शंभर ग्रॅम मूग भिजून, मोड येऊन अडीचपट भरतात. त्यामुळे शंभर ग्रॅम मोडात प्रोटीन फक्त ८ ते १० ग्रॅम. वरणाचंही तसंच: वाटी दीडशे ग्रॅमची असली तरी त्यात बहुतेक पाणी. म्हणून डाळ, कडधान्य, सोया नेहमी कोरडं असताना वजन करा. एक किचनचा काटा घ्या, आठवडाभर मोजा, पुढे नजर तयार होते.

दुसरी गोष्ट, तुमचा खरा खड्डा सकाळी आहे. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, इडली यांपैकी कुठलाच नाश्ता एरवीच्या प्रमाणात ७-८ ग्रॅमच्या पुढे जात नाही. एका जेवणात २० ते २५ ग्रॅम आलं तर स्नायूंना त्याचा चांगला उपयोग होतो. सगळं रात्रीवर टाकलं तर एकाच जेवणात ४०-५० ग्रॅम बसवावं लागतं, आणि डाळी-कडधान्यांतून ते पोटाला झेपत नाही. आधी नाश्ता दुरुस्त करा.

रांधणी

नाश्त्याचं मी सांगते.

मुगाच्या डाळीची धिरडी. पिवळी मूगडाळ ६० ग्रॅम, दोन तास भिजवून, पाणी पूर्ण काढून, आलं-मिरची-जिऱ्याबरोबर वाटायची. वाटताना पाणी दोन-तीन चमचेच. एवढ्यात तीन मध्यम धिरडी होतात आणि प्रोटीन १४ ग्रॅम. बरोबर दोन उकडलेली अंडी घेतली की २६. धिरडं तव्याला चिकटतं त्याची कारणं दोन: पीठ पातळ झालेलं असतं, नाहीतर तवा नीट तापलेला नसतो. तव्यावर तेल लावलेला अर्धा कांदा फिरवा, पीठ पसरवा आणि कडा सुटेपर्यंत उलटायची घाई करू नका. तरीही तुटत असेल तर चमचाभर बेसन घाला. तांदूळ घालून लोक कुरकुरीत करतात, पण मग तेवढी डाळ कमी होते. पीठ रात्रीच वाटायचं असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर आंबतं.

सोयाबीनच्या वड्या हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नावडता पर्याय. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत ५२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ३० ग्रॅमच्या छोट्या वाटीत १५. वास येतो म्हणून लोक टाकून देतात, पण तो वास जातो. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पाणी ओतून द्या, गार पाण्यात घेऊन घट्ट पिळा. परत गार पाणी, परत पिळा. दोनदा पिळणं टाळलं तर वडीच्या आत ते पाणी राहतं आणि रस्सा बेचव होतो. मग दही, आलं-लसूण आणि काळा मसाला लावून अर्धा तास ठेवा. वडी स्पंजासारखी आहे, पिळल्यावर जे द्याल ते शोषते. वड्या नकोशा वाटत असतील तर बारीक दाणेदार सोया मिळतो, तो खिम्यासारखा कांदा-टोमॅटोवर परता, पोळीबरोबर चांगला लागतो.

कणकेत सोयाबीन दळून आणायचं असेल तर किलोभर गव्हाला १०० ग्रॅम, आणि सोयाबीन आधी खमंग भाजूनच. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रोटीनचं पचन अडवतात, भाजल्यावर ते बरेच निष्क्रिय होतात. प्रमाण वाढवलं तर पोळी कडक होते आणि कडवट लागते. सोयाबीनमध्ये तेल असतं, त्यामुळे हे पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळा, नाहीतर खवट होतं.

वरण मात्र आजपासून घट्ट करा. माणशी ४५ ग्रॅम डाळ घेतली की १० ग्रॅम मिळतात, वेगळं काहीच शिजवावं लागत नाही. पिठल्याचंही तेच, ४० ग्रॅम बेसनाचं दाट पिठलं म्हणजे साडेआठ-नऊ ग्रॅम. कोकणात कुळथाची पिठी करतात, तीही याच तोलाची.

लालमातीकर

कोल्हापूरकडच्या तालमीतल्या खुराकाबद्दल एक गैरसमज आहे, तो या प्रश्नाशी संबंधित आहे. लोकांना वाटतं ताकद थंडाईतल्या बदामांतून येते. हिशेब करा: ५० बदाम म्हणजे साधारण ६० ग्रॅम. त्यात प्रोटीन १२ ग्रॅम आणि कॅलरी साडेतीनशे. त्याच पैलवानाचं दोन लिटर म्हशीचं दूध ७० ग्रॅमच्या वर देतं. खुराकातलं प्रोटीन मुख्यतः दुधाचं. बदाम आणि तूप ऊर्जेसाठी, कारण तो माणूस सकाळ-संध्याकाळ मेहनत करतो. ऑफिसात बसणाऱ्याने तोच खुराक घेतला तर पोट सुटेल.

शेंगदाण्यांनाही हाच नियम. शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन २४-२५ आहे, पण साडेपाचशेच्या पुढे कॅलरी. चटणी-कूट म्हणून ठेवा, मूठभर दाणे खा. ते प्रोटीनचा मुख्य आधार नव्हेत. तोंडात टाकायला फुटाणे बरे: ४० ग्रॅममध्ये ८ ग्रॅमच्या आसपास.

दूध पचत असेल तर चक्का करा. लिटरभर दुधाचं दही कापडात बांधून पाच-सहा तास टांगलं (उन्हाळ्यात फ्रीजमध्येच टांगा, नाहीतर आंबट होतं) की साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅम चक्का मिळतो, त्यात २५ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन. साखर घालून श्रीखंड करू नका. मीठ, जिरेपूड, काकडी घालून खा, किंवा लसूण-मिरची घालून भाकरीला लावा. दुधातली साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते, त्यामुळे दुधाने पोट बिघडणाऱ्यांनाही हा सहसा चालतो.

पनीरच्या ७५ ग्रॅममध्ये १४ ग्रॅम. आणि पनीर काढून उरलेलं पाणी म्हणजेच व्हे प्रोटीन (बहुतेक पावडरी ज्यापासून करतात ते दुधातलं प्रोटीन), असे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नका. दूध उकळताना त्यातलं बरंचसं व्हे प्रोटीन पनीरमध्येच अडकतं. पेलाभर पाण्यात एक-दीड ग्रॅमच उरतं. कणीक भिजवायला ते उत्तम, पण हिशेबात धरू नका.

कच्ची अंडी दुधात फोडून पीत असाल तर बंद करा. शिजवलेल्या अंड्यातलं ९० टक्के प्रोटीन अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. शिवाय साल्मोनेला या जंतूची भीती वेगळीच.

मोजूनमापून

वरच्या दोघांचं धरून तुमचा दिवस असा बसतो. सकाळी धिरडी आणि दोन अंडी २६. चहा ६. दुपारी पोळ्या ९, घट्ट वरण १०, दही १५० ग्रॅम म्हणजे ५, भाजी २. संध्याकाळी फुटाणे ८ आणि पेलाभर दूध ८. रात्री भाकऱ्या १०, पनीर किंवा ३० ग्रॅम सोया १४-१५. बेरीज शंभराच्या थोडी खाली, किलोमागे १.४. पुरेसं आहे. भाकरी-पोळी सोडू नका: लायसिन आणि मिथिओनिन ही प्रोटीन ज्यांपासून बनतं त्यांपैकी दोन अमिनो आम्लं; धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मिथिओनिन कमी, एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. एकाच घासात असायची गरज नाही, दिवसभरात आले तरी चालतं.

पावडर कोणाला उपयोगी आहे, हेही सांगितलं पाहिजे. फिरतीची नोकरी आहे, भूकच कमी आहे, चावायला त्रास होतो, शस्त्रक्रियेनंतर वजन उतरलंय, अशा लोकांना. पासष्टीपुढच्या माणसांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं आणि ताटभर जेवण जात नाही, तिथे एक स्कूप सोयीचा पडतो. ती सोय आहे, औषध नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही पावडरींऐवजी अन्नावर भर द्यायला सांगितलं आहे.

तुमचं पोट फुगतं ते बहुधा लॅक्टोजमुळे (दुधातल्या साखरेमुळे) किंवा गोडव्यासाठी घातलेल्या रसायनांमुळे. व्हे कॉन्सन्ट्रेट या साध्या पावडरीत लॅक्टोज राहतं, आयसोलेट या जास्त गाळलेल्या प्रकारात एक टक्क्याच्या आसपास. कधी घ्यावीच लागली तर बिनचवीचं आयसोलेट घ्या आणि मीठ-जिरं घातलेल्या ताकात घुसळा. गरम चहा-कॉफीत टाकलं तर गुठळ्या होतात. डब्यावर ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये प्रोटीन २४ च्या आसपास आहे का बघा. 'मास गेनर' लिहिलेल्या डब्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन असतं, ती महागडी साखर झाली. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर तो डबा ठेवून द्या. चाचणीत नायट्रोजन मोजून प्रोटीन काढतात, आणि ही स्वस्त अमिनो आम्लं घालून तो आकडा फुगवता येतो.

एक इशारा. किडनीचा आजार असलेल्या माणसाने यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. डायलिसिसवर नसलेल्यांसाठी मर्यादा सहसा ०.८ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून खाली असते, आणि ती पनीर-डाळीलाही लागू आहे.

वरणफळ

खूप आभार, नाश्त्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. दोन शंका. कडधान्यं वाढवली की गॅस होतो, त्याचं काय? आणि सोमवारी उपास असतो, त्या दिवशी?

रांधणी

कडधान्यं आठ ते बारा तास भिजवा, ते पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या शर्करा त्या पाण्यात उतरतात. मोड आणले तर त्या आणखी कमी होतात, पण मोड कच्चे खाऊ नका, निदान दहा मिनिटं वाफवा. सुरुवात मूग आणि मटकीपासून करा. राजमा, छोले, हरभरे शेवटी. आठवड्याला १० ग्रॅम कोरडं कडधान्य या बेताने वाढवा, आतड्याला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. फोडणीत हिंग-ओवा घाला, पण भिजवणं चुकलं असेल तर हिंग त्याची भरपाई करत नाही.

उपासाला साबुदाणा म्हणजे जवळपास शून्य प्रोटीन, शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाची थालीपिठं करा (पिठात १३-१४ टक्के), भिजवताना पाण्याऐवजी दही वापरा, बरोबर वर सांगितलेला चक्का घ्या आणि रात्री पेलाभर दूध. राजगिऱ्याचं पीठ पटकन तुटतं, म्हणून त्यात एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला आणि थालीपीठ ओल्या कापडावर थापा.