शब्दचर्चा : ‘अजून इशाराच आहे, धोका कुठं आहे?’
(कोल्हापूर परिसरातले पाच जण पुराच्या शब्दांबद्दल बोलताहेत; प्रत्येकाच्या बोलण्यावर त्याच्या ठिकाणाचं नाव आहे.)

कसबा बावडा
आमच्या तालमीच्या दारात एक फळा आहे. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, धरणांचा विसर्ग आणि हवामान खात्याचा अंदाज मी त्यावर सकाळ-संध्याकाळ लिहिते. एका वर्षी पाणी ४१ फुटांवर होतं. शेजारच्या मावशींना म्हटलं, कागदपत्रं आणि औषधं तरी पिशवीत भरून ठेवा. त्या म्हणाल्या, “अगं, अजून इशाराच आहे, धोका कुठं आहे?”

इथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. फळ्यावर ‘इशारा पातळी ओलांडली’ हे मीच लिहिलं होतं. मावशींनी ते नीट वाचलं, त्यातून त्यांना जे कळलं ते मात्र माझ्या मनातलं नव्हतं. तेव्हापासून हा शब्द मला टोचतो. पेपरात ‘अतिवृष्टीचा इशारा’ आला की ती मोठी बातमी असते, आणि नदीच्या बाबतीत इशारा ही धोक्याच्या खालची पायरी. एकच शब्द दोन उंचींवर कसा? आणि याहून चांगला शब्द आहे का?

गंगावेश
ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. ‘इशारा’ मूळ अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. मूळ अर्थ खूण, संकेत. डोळ्यांचा इशारा, हाताचा इशारा यात तो अर्थ अजून जिवंत आहे. खुणेचं काम एवढंच की समोरच्यानं ती ओळखावी आणि हालावं. त्या अर्थी ३९ फुटांची रेघ म्हणजे ‘आता आवराआवर सुरू करा’ ही खूण आहे. धोका यायच्या आधी हातात असलेला वेळ मोजणारी ती रेघ आहे.

पण रोजच्या वापरानं शब्द झिजतो. ‘उपोषणाचा इशारा’, ‘बंदचा इशारा’, ‘आंदोलनाचा इशारा’ आपण वर्षभर वाचतो, आणि त्यातलं पुष्कळसं घडत नाही. ऐकून सोडून द्यायची गोष्ट म्हणजे इशारा, अशी सवय कानांना लागली आहे. मावशींचा ‘च’ तिथून आला असावा. ‘इशाराच आहे’ यातला ‘च’ फार बोलका आहे.

रंगांच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो. हवामान खात्याच्या पद्धतीत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. इंग्रजीत या तीन पायऱ्यांना तीन वेगळे शब्द आहेत. आपण मात्र यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट असं तिन्हींना ‘अलर्ट’ म्हणतो आणि मराठीत तिन्हींचा ‘इशारा’ करतो. त्यामुळे हवामानाच्या बातमीत लाल रंग हाही इशाराच, आणि नदीच्या बातमीत इशारा म्हणजे अजून चार फूट बाकी. वाचणाऱ्यानं काय समजावं?

शिरोळ
आमच्याकडं फूट-इंच कुणी विचारत नाही. ‘पाणी कुठवर आलंय?’ असं विचारतात. मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतात आलं, रस्त्यावर आलं, मारुतीच्या पायरीला लागलं. राजाराम बंधाऱ्याचा आकडा आम्हाला ऐकायला ठीक आहे, पण आमचं पाणी निराळं. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढं जागा मिळत नाही, पाणी मागं तुंबतं. त्याला आम्ही फूग म्हणतो, पेपरात फुगवटा लिहितात. फुगीचं पाणी आवाज करत नाही. रात्री झोपताना उसाच्या सरीत असतं, पहाटे उंबऱ्याशी. ‘धोका’ म्हटलं की माणसाला खळाळतं पाणी आठवतं, म्हणून या गपगार पाण्यापुढं गाफील राहतो.

आणि नृसिंहवाडीला याच पाण्याचा सोहळा असतो हेही विसरू नका. पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, लोक श्रद्धेनं स्नानाला येतात. मला त्यात विसंगती वाटत नाही. नदीकाठच्या माणसाला पाणी दोन्ही रूपांत माहीत असतं. फक्त सोहळा संपल्यावर घराकडं बघायचं भान पाहिजे.

गगनबावडा
माझी तक्रार ‘तुरळक’ या शब्दाबद्दल आहे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पाऊस’ असं वाक्य येतं. दहापैकी आठ माणसं ‘तुरळक’ ऐकतात आणि पाऊस तुरळक म्हणजे थोडाच पडणार असं धरून चालतात. इथं तुरळक आहे ते ठिकाण. हवामान खात्याच्या भाषेत एखाद्या विभागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होणार असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, त्यापुढं ‘काही ठिकाणी’, मग ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि शेवटी ‘बहुतेक ठिकाणी’. पाऊस किती, ते पुढच्या शब्दात असतं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेला की मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.५ च्या पुढं त्याहूनही वरची पायरी. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ याचा अर्थ पाऊस थोड्या गावांवर, पण ज्या गावावर पडेल तिथं ओढे फोडून टाकील असा.

आता कोल्हापूर शहरात ऊन पडलेलं असतं आणि बातमीत लिहिलेलं असतं ‘कोल्हापूर, ऑरेंज’. लोक म्हणतात, खात्याचा अंदाज चुकला. अहो, तो इशारा बऱ्याचदा घाटमाथ्यासाठी असतो. इथं धुक्यात हात दिसत नाही आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा तुमच्याकडं कपडे वाळत असतात. हाच पाऊस कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून खाली येणार असतो. कोल्हापूरकर ‘वर पाऊस लागलाय’ म्हणतात, तो ‘वर’ फळ्यावर आलाच पाहिजे.

राधानगरी
मला एका क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. ‘राधानगरीतून पाणी सोडलं’. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. तिथं ‘सोडणारं’ कुणी नसतं. ‘सोडलं’ म्हटलं की शहरात राग येतो, अफवा उठते, आणि लोक नदीकडं बघायचं सोडून कुणी सोडलं ते शोधत बसतात. ‘दोन दरवाजे उघडले’ एवढंच लिहा. एका दरवाजातून १४२८ क्युसेक जातं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. मावशींना क्युसेक कळणार नाही, पण एका दारातून दर सेकंदाला चाळीस हजार लिटर म्हटलं की कळेल.

कसबा बावडा
हे सगळं उतरवून घेतलं. ‘तुरळक’ मीही चुकीचाच वाचत होते, हे सांगायला हवं. आणखी एक शब्द अडतो. ‘विजेपासून सावध राहा’. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वेळी हे लिहिलं तर झाडाखाली थांबू नका, शेतातून घरात या, असा अर्थ. पुराच्या वेळी तेच वाक्य लिहिलं तर तुटलेल्या तारा आणि पाण्यात बुडालेला मीटर. दोन्हीला आपल्याकडे वीजच म्हणतात.

गंगावेश
एकीला ‘आकाशातली वीज’ आणि दुसरीला सरळ ‘करंट’ लिहा. करंट हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे. फळ्यावर शुद्धतेपेक्षा कळणं महत्त्वाचं, हे मी भाषा शिकवणारा माणूस म्हणून पूर्ण जबाबदारीनं सांगतो.

‘सतर्क राहावे’, ‘स्थलांतर करावे’ ही रूपंही टाळा. ‘-आवे’ लावलं की आज्ञा सल्ल्यासारखी ऐकू येते. शिवाय ‘सतर्क राहावे’ म्हणजे उठून नेमकं काय करावं? ‘स्थलांतर’ म्हटलं की गाव कायमचं सोडणं डोळ्यांपुढं येतं, आणि म्हातारी माणसं तिथंच अडून बसतात. ‘दोन दिवसांसाठी शाळेत चला’ म्हणा, उठतील.

शिरोळ
खोलीचेही आपले शब्द घ्या. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, पुरुषभर. बंधाऱ्यावरून किंवा फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असताना लोक म्हणतात ‘गुडघाभरच आहे’ आणि गाडी घालतात. तुंबलेलं गुडघाभर आणि वाहतं गुडघाभर यात जमीन-अस्मानाचा फरक. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या खालीच माणसाचा पाय सुटतो, मोटारसायकल तर लगेच आडवी होते. म्हणून ‘वाहतं’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिहा.

कसबा बावडा
यंदा फळ्यावर असं लिहायचं ठरवलं आहे :

‘पाणी ३९ फूट : आवरायला लागा. कागदपत्रं, औषधं, चार्जर एका पिशवीत. म्हातारी माणसं आधी हलवा. ४३ ची वाट बघू नका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्या वर. घाटात पाऊस चालू आहे. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. मेन स्विच बंद करून निघा. जनावरांचं स्थलांतर करा.’

इशारा हा शब्द ‘राजाराम बंधारा, इशारा पातळी’ एवढ्यापुरता कोपऱ्यात ठेवला आहे, कारण बातम्यांत तोच ऐकू येतो आणि दोन्हींचा मेळ लागला पाहिजे.

शिरोळ
शेवटची ओळ बदल ताई. जनावरांचं स्थलांतर कुणी करत नाही, जनावरं हलवतात. आणि पुढं लिही : ‘हलवता आली नाहीत तर दावं तरी कापा.’ मोकळं जनावर पोहून उंचावर जातं. बांधलेलं जागेवर बुडतं.

कसबा बावडा
लिहिलं, काका. ‘दावं’ शहरातल्या पोरांना कळेल का असं क्षणभर वाटलं. पण आमच्या गल्लीत अजून चार गोठे आहेत. तोच शब्द ठेवते.